डोळ्याच्या कडेने

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. सकाळचा चहा झाल्यावर मी नेहमीप्रमाणे अण्णांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे वय तेव्हा ८८. वाईजवळच्या एका शाळेत त्यांनी ३४ वर्षे विज्ञान शिकवले. अलीकडे ते सांगलीला माझ्याकडे असतात आणि काही वर्षांपासून त्यांना वाचता येत नाही. दोन्ही डोळ्यांचा पीतबिंदू झिजला आहे. या विकाराची रीत अशी की, ज्याच्याकडे पाहावे तेच नेमके पुसले जाते आणि कडेचे मात्र दिसत राहते. समोर बसलेल्या माणसाचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. दाराची चौकट दिसते, पण दारात कोण उभे आहे ते आवाजावरून ओळखावे लागते.

त्या दिवशी लडाखमधील हानले येथे उभारलेल्या ‘मेस’ या दुर्बिणीची बातमी होती. ४ ऑक्टोबर रोजी तिचे उद्घाटन झाले होते. आरशाचा व्यास २१ मीटर, समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ४३०० मीटर. या जातीच्या दुर्बिणींमध्ये आशियातील सर्वांत मोठी आणि जगातील सर्वांत उंचावरची. उभारणीत पुढाकार मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा. दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांतून येणाऱ्या अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांचा ती वेध घेणार, असे बातमीत म्हटले होते. बातमी संपवून मी सवयीने म्हणालो, “म्हणजे अण्णा, हिमालयापलीकडच्या वाळवंटात आपण एक महाकाय डोळाच उघडला म्हणायचा.”

“डोळा?” अण्णा म्हणाले. “डोळा कशाला म्हणतोस त्याला? त्या आरशावर पडतं काय, ते सांग.”

“गॅमा किरण.”

“गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. हवेतच संपतात. मग आरशावर काय पडतं?”

मला उत्तर देता आले नाही. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी ३२ वर्षे सांगलीत काढली. त्या सकाळी माझ्यापाशी उपमा तयार होती, वस्तुस्थिती नव्हती. हे आधीही अनेकदा झाले असले पाहिजे. फरक इतकाच की यावेळी कोणीतरी विचारले.

याला एक जुना संदर्भ आहे. बारावीनंतर मी अण्णांच्या इच्छेप्रमाणे विज्ञान शाखेत गेलो आणि एका वर्षात ती सोडून मराठीकडे वळलो. त्यांनी विरोध केला नाही, नाराजीचा एक शब्दही काढला नाही. मात्र पुढे आयुष्यभर मी काही अलंकृत बोललो की ते शांतपणे विचारीत, “म्हणजे काय?” लहानपणी मला तो शिक्षकी खाक्या वाटे, तरुणपणी ती अरसिकता वाटे. आता वाटते, ती त्यांची न केलेली तक्रार असावी.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला मला पुढचे दोन महिने लागले. माझी मुलगी भौतिकशास्त्र शिकते. ती फोनवर समजावून सांगे, मी टिपणे काढी आणि संध्याकाळी ती अण्णांना वाचून दाखवी. मधल्या पिढीने दोन्हीकडच्या पिढ्यांची शिकवणी लावावी असा तो प्रकार होता. त्या टिपणांतून जे हाती आले ते आधी सांगतो.

आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अतिउच्च ऊर्जेचा म्हणून जो गॅमा किरण ओळखला जातो त्याची ऊर्जा दहा हजार कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे. म्हणजे जातीने तोही प्रकाशच, पण दृश्य प्रकाशाच्या काही हजार कोटी पट जोरकस. असा किरण वातावरणात शिरला की वरच्या थरांतच हवेतल्या एखाद्या अणुकेंद्रापाशी तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉन जन्माला येतात. ते पुढे नवे गॅमा किरण निर्माण करतात, त्यांतून पुन्हा जोड्या, पुन्हा किरण. जमिनीपासून दहाएक किलोमीटर उंचीवर हा वर्षाव ऐन भरात येतो आणि मग विरून जातो. त्यातले कण हवेतल्या प्रकाशापेक्षा अधिक वेगाने धावत असतात. निर्वातात प्रकाशाला मागे टाकता येत नाही, पण हवेत तो किंचित मंदावतो, आणि तेवढी फट या कणांना पुरते. असा कण आपल्यामागे निळसर प्रकाशाची एक मंद लाट सोडत जातो. पावेल चेरेनकॉव्ह यांनी १९३४ मध्ये द्रवात पाहिलेल्या या प्रकाशाला त्यांचेच नाव मिळाले आणि १९५८ मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिकही.

आरशावर पडतो तो हा प्रकाश. तो जेमतेम काही अब्जांश सेकंद टिकतो. जमिनीवर त्याचे जे वर्तुळ पडते त्याची त्रिज्या सव्वाशे मीटरच्या आसपास असते. एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचा किरण आला तर त्या वर्तुळातल्या प्रत्येक चौरस मीटरवर शंभरेक प्रकाशकण पडतात. किरण त्याहून दुबळा असेल तर त्या प्रमाणात कमी. हे वेचण्यासाठी आरसा मोठा हवा, रात्र अंधारी हवी आणि टिपणारे यंत्र चपळ हवे. ‘मेस’चा आरसा १४२४ छोट्या आरशांचा बनलेला आहे आणि त्यासमोरच्या कॅमेऱ्यात १०८८ प्रकाशगुणक नलिका आहेत.

“म्हणजे जो किरण बघायचा तो आधीच मेलेला,” हे टिपण ऐकून मी म्हणालो.

“मेलेला नको म्हणूस,” अण्णा म्हणाले. “त्याचं रूपांतर झालं. पण चल, आता निदान कशाबद्दल बोलतोयस ते तुला ठाऊक आहे.”

या शास्त्राची सुरुवात मला फार आवडली. १९४८ मध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांनी गणित मांडले की, रात्रीच्या आकाशात जो एकूण उजेड असतो त्याचा सुमारे दहा हजारावा भाग विश्वकिरणांनी हवेत उमटवलेल्या या निळ्या प्रकाशाचा असला पाहिजे. इतक्या क्षीण उजेडाच्या मागे कोण लागणार? १९५३ मध्ये इंग्लंडातल्या हारवेल येथे गॅलब्रेथ आणि जेली या दोघांनी कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी एक छोटा आरसा बसवला, त्यावर एक प्रकाशगुणक नलिका लावली, डबा आभाळाकडे तोंड करून ठेवला आणि ते लखलखाट मोजले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६९ च्या सुमारास उटीला या कामाचा आरंभ केला. पुढे ते पचमढीला गेले. भाभा अणुसंशोधन केंद्राने माउंट अबूला ‘टॅक्टिक’ ही दुर्बीण उभारली. २००८ मध्ये हानले येथे सात दुर्बिणींचा ‘हगार’ हा संच पूर्ण झाला, आणि मग ‘मेस’ आली. एका पिढीने सुरू केलेले काम तिसऱ्या पिढीने दर वेळी आणखी उंच, आणखी काळोख्या जागी न्यावे, असा हा ५५ वर्षांचा प्रवास आहे.

खरी अडचण मात्र उजेडाच्या क्षीणतेची नाही, गर्दीची आहे. अवकाशातून वातावरणावर सतत आदळणाऱ्या विश्वकिरणांत मुख्यत्वे प्रोटॉन असतात आणि तेही असाच वर्षाव, असाच निळा लखलखाट घडवतात. एका गॅमा किरणामागे असे हजारो प्रोटॉन. विद्युतभार असल्यामुळे वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांत ते वळत-भरकटत आलेले असतात. त्यांच्या येण्याच्या दिशेवरून त्यांचे मूळ कळत नाही. गॅमा किरण तेवढा सरळ आलेला असतो. हजारो भरकटलेल्यांतून तो एक सरळ आलेला ओळखायचा कसा? १९८५ मध्ये हिलास यांनी मार्ग दाखवला. कॅमेऱ्यावर उमटणाऱ्या ठशाचा आकार पाहा. गॅमा किरणाचा ठसा सडपातळ, नेटका, लंबवर्तुळाकार असतो आणि त्याचा लांब अक्ष उगमस्थानाच्या दिशेने रोखलेला असतो. प्रोटॉनचा ठसा पसरट, फाटका, कसाही वळलेला. या कसोटीच्या बळावर १९८९ मध्ये अमेरिकेतल्या व्हिपल दुर्बिणीने क्रॅब अभ्रिकेचे अतिउच्च ऊर्जेचे किरण निर्विवादपणे ओळखले, आणि १९९२ मध्ये मार्केरियन ४२१ या सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातले. आपल्या दीर्घिकेबाहेरून आलेला ओळखला गेलेला तो या प्रकारचा पहिला प्रकाश.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याचे कुतूहल आडवे आले. ‘दीर्घिका’ हा शब्द मी प्रथम मराठी विश्वकोशात वाचला. विश्वकोशाचे कार्यालय वाईतच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला तेव्हा मी शाळेत होतो आणि अण्णा नवे खंड येतील तसे विज्ञानाच्या नोंदींवर पेन्सिलने खुणा करीत. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट बांधीव तळे, राजवाड्याच्या बागेत असते तसे. अब्जावधी ताऱ्यांच्या समूहासाठी कोणीतरी हा पाणथळ शब्द निवडला. ‘केंद्र’ आपल्याला अस्सल संस्कृत वाटतो, पण तो ज्योतिषाच्या वाटेने ग्रीकमधून आला. मूळ शब्द ‘केन्ट्रॉन’, अर्थ टोचणी, अणकुचीदार टोक, कंपासाचे रुतवायचे टोक. आणि ‘गॅमा’ हे तर निव्वळ तिसरे अक्षर. व्हिलार यांना १९०० मध्ये हे किरण सापडले आणि अल्फा, बीटा यांच्यापुढचे म्हणून १९०३ मध्ये रदरफर्ड यांनी ते अक्षर त्यांना देऊन टाकले. तळे, टोचणी आणि एक अक्षर. ‘दीर्घिकेच्या केंद्रातले गॅमा किरण’ हा शब्दसमूह उच्चारताना आपण काहीच पाहिलेले नसते, तरी काहीतरी पाहिल्याचा भास होतो. परिभाषेचाही एक अलंकार असतो. तो जुना झाला की अलंकार वाटेनासा होतो, इतकेच.

आणि मग मला ययाति भेटला.

डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात, उद्घाटनापूर्वीच्या निरीक्षणांत, ‘मेस’ने एनजीसी १२७५ या दीर्घिकेच्या गॅमा किरणांत आलेला भडका टिपला होता. ही दीर्घिका सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर, पर्सियस या तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकांच्या एका प्रचंड पुंजात ऐन मध्यभागी आहे. पर्सियसला मराठीत म्हणतात ययाति. शेजारी शर्मिष्ठा, पलीकडे देवयानी, वर शर्मिष्ठेचा पिता वृषपर्वा. ग्रीक पुराणातले कुटुंब उतरवून त्याच जागी महाभारतातले कुटुंब बसवणाऱ्याने काय सुंदर काम केले आहे! त्यात मी सांगलीचा. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीतला, १८९८ चा. त्यांच्या ‘ययाति’ची पहिली आवृत्ती १९५९ ची. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून आपली कहाणी सांगतात, ही त्या कादंबरीची रचना मी कितीतरी वर्षे वर्गात शिकवली. आता त्या ययातीच्या पोटात कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाचे एक कृष्णविवर आणि ते सतत द्रव्य गिळते आहे! कधीही न शमणारी वासना! मी एका साहित्यमंडळात व्याख्यानच दिले. विषय होता ‘अतृप्तीचे केंद्र’. टाळ्या पडल्या. घरी येऊन उत्साहाने सारे अण्णांना सांगितले.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या विवरात जे पडलं त्याच्याकडून तुला काही कळतं का?”

“नाही. तिथून प्रकाशही निघत नाही.”

“मग हे गॅमा किरण कुणाचे?”

मुलीला विचारले. ती म्हणाली, आजोबांनी बरोबर जागा पकडली. कृष्णविवराभोवती द्रव्याची तबकडी फिरत असते. त्यातले सगळेच आत पडत नाही. काही द्रव्य दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपाने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकले जाते. या झोतांतले इलेक्ट्रॉन वाटेतल्या साध्या प्रकाशकणांना धडका देऊन त्यांची ऊर्जा अफाट वाढवतात आणि ते गॅमा किरण होऊन निघतात. आपल्यापर्यंत जे येते ते गिळलेल्याचे नसतेच. जे गिळले गेले नाही त्याचे ते असते.

माझी उपमा नेमकी उलटी होती. आणि ती फक्त विज्ञानात चुकली होती असे नाही. वासनेच्या आहारी गेलेला ययाति मी व्याख्यानात रंगवला, पण त्या कथेत पोटाशी येणारा प्रसंग दुसराच आहे. बापाचे म्हातारपण मुलाने मागून घेतले, हा तो प्रसंग. ते मी सोयीस्करपणे गाळले होते. पुरूबद्दल बोलायचे तर मला रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवताना येणाऱ्या कंटाळ्याबद्दलही बोलावे लागले असते. ‘अतृप्तीचे केंद्र’ म्हणणे सोपे होते. त्यात माझे काही जात नव्हते.

अण्णांचा पुढचा प्रश्न आणखी अवघड होता. “केंद्रातनं येतात असं ते म्हणतात. कशावरून?”

प्रश्न रास्त आहे. या दुर्बिणीची दृष्टी तशी जाडीभरडी असते. तिला आकाशातला जो लहानात लहान ठिपका वेगळा कळतो तो ढोबळमानाने चंद्रबिंबाच्या पाव रुंदीचा. एनजीसी १२७५ ही अख्खी दीर्घिका त्याहून लहान दिसते. म्हणजे त्या ठिपक्यात केंद्र, झोत, कडा, सगळे एकत्र मिसळलेले. चित्र पाहून ‘केंद्र’ म्हणायची सोय नाही.

उत्तर चित्रात नाही, काळात आहे. कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा येथील ‘मॅजिक’ दुर्बिणींनी या दीर्घिकेचे अतिउच्च ऊर्जेचे किरण २०१० पासूनच्या निरीक्षणांत प्रथम ओळखले होते. ३१ डिसेंबर २०१६ आणि १ जानेवारी २०१७ च्या दरम्यानच्या रात्री त्यांना तेथे एक जबरदस्त भडका दिसला. त्या काळातल्या नोंदींवरून असे दिसले की, तेज दुप्पट व्हायला दहाएक तास पुरत होते. आता विचार असा. एखादी वस्तू दहा तासांत एकदम उजळत असेल, तर तिच्या एका टोकाची वार्ता दुसऱ्या टोकापर्यंत तेवढ्या वेळात पोचायला हवी, आणि वार्ता प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही. म्हणजे उजळणारा भाग दहा प्रकाशतासांच्या मानाचा. झोताच्या वेगामुळे हिशोबात काही पटींचा फरक पडला तरी आपल्या सूर्यमालेच्याच मापातला. नेपच्यूनपर्यंत प्रकाशाला चार तास लागतात, यावरून अंदाज यावा. लाखो प्रकाशवर्षे पसरलेल्या दीर्घिकेत इतक्या चिमुकल्या जागेतून इतका प्रचंड उजेड यायचा तर ती जागा कृष्णविवराच्या सान्निध्यातलीच असणार. केंद्र कोणी पाहिलेले नाही. त्याच्या लुकलुकण्याच्या घाईवरून ते सिद्ध झाले आहे.

हे टिपण वाचून झाल्यावर अण्णा प्रथमच हसले. “गुडरिक,” म्हणाले. “लहानपणी सांगितलेला आठवतो?”

आठवत होता. याच ययाति तारकासमूहात अल्गॉल नावाचा तारा आहे. दोन दिवस आणि २१ तासांच्या अंतराने तो काही तास मंदावतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. जॉन गुडरिक नावाच्या इंग्रज मुलाने १७८३ मध्ये हा ताल मोजला आणि सुचवले की, कोणीतरी न दिसणारा सोबती दर फेरीला याच्या आड येत असावा. त्यावेळी तो १८ वर्षांचा होता. त्याला ऐकू येत नव्हते. सोबती खरोखरच आहे हे पुढच्या शतकात सिद्ध झाले. वाईच्या घाटावर अण्णांनी मला ही गोष्ट अल्गॉल दाखवून सांगितली होती. मी तेव्हा ती एका बहिऱ्या मुलाची करुण गोष्ट म्हणून ऐकली. ती एका तर्काची गोष्ट होती, हे कळायला ५० वर्षे गेली.

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही वाईला गेलो. सांगलीहून निघताना अण्णांनी अट घातली होती की, रात्री मेणवलीला न्यायचे. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट. अमावास्येच्या आदली रात्र, थंडी चांगलीच. पाचगणीच्या बाजूला डोंगरावर दिवे होते, पण डोक्यावरचे आभाळ बऱ्यापैकी काळे होते. वसईच्या मोहिमेतली ती जुनी घंटा ज्या देवळात आहे त्याच्या पायरीशी मी खुर्ची मांडली आणि त्यांच्या अंगावर शाल घातली. हीच कृष्णा खाली माहुली, कऱ्हाड करीत सांगलीला आमच्या घाटावर येते. येथे ती लहान होती आणि तिचा आवाज येत होता.

“शर्मिष्ठा कुठंय?”

“समोर, उत्तरेला. थोडी डावीकडं झुकलीय.”

अण्णांनी मान उजवीकडे वळवली. एखाद्याने नदीकडे पाहावे तसे. क्षणभर मला वाटले, त्यांना दिशा कळली नाही. मग लक्षात आले. हा धडा त्यांनीच मला येथून जवळच्या घाटावर दिला होता. अंधुक तारा पाहायचा असेल तर त्याच्याकडे रोखून पाहू नये, जरा बाजूला पाहावे. डोळ्याच्या पडद्याचा मध्य तपशिलासाठी असतो, मंद उजेडासाठी कडा अधिक तीक्ष्ण. आकाश पाहणारे हौसेने जे करतात ते अण्णा आता नाइलाजाने दिवसभर करीत होते.

“एम नाही दिसत,” ते म्हणाले. “पण तिथं काहीतरी आहे. आता अल्गॉल शोध. तिथनं पूर्वेला चार चंद्र मावतील एवढं सरक. काय दिसतं?”

मी पाहिले. “काही नाही.”

“नीट बघ.”

“काही नाही अण्णा. काळं आहे.”

“हां. मग तसंच सांगायचं. तिथं काही दिसत नाही. आता तिथं काय घडतंय ते सांग.”

मी सांगितले. तबकडी, झोत, इलेक्ट्रॉनची धडक. वातावरणाच्या वरच्या थरात शिरणारा किरण, दहा किलोमीटरवरचा वर्षाव, जमिनीवर पडणारे निळे वर्तुळ. हजारो प्रोटॉनांचे फाटके ठसे आणि त्यांत एक सडपातळ ठसा. दहा तास, आणि त्यावरून काढलेले केंद्र. कोठेही अडखळलो नाही, कोठेही ‘जणू’ म्हणालो नाही. बोलताना प्रथमच जाणवले की, मी आता अण्णांना काही समजावून सांगत नव्हतो. ते सारे त्यांना माहीत होते. त्यांच्या डोळ्यांना न दिसणारी जागा मी त्यांच्यासाठी पाहत होतो, आणि ती मलाही दिसत नव्हती. त्या काळ्या जागेपुढे आम्ही दोघे सारखेच होतो.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “२४ कोटी वर्षं ना?”

“हो.”

“हा सगळा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे किरण निघाला तेव्हा हा डोंगर नव्हता. नदी नव्हती. बघणारं कुणी नव्हतं.” मग थांबून म्हणाले, “तू मराठी घेतलंस ते वाईट नाही झालं. मला विज्ञान सांगता यायचं, ऐकवता यायचं नाही. पोरं झोपायची.”

मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. घाटावर गारठा वाढला होता. मी खुर्ची मिटली आणि त्यांच्या कोपराला हात दिला.

साहित्याचे शिक्षक आणि विद्यार्थी हे वाचत असतील, म्हणून एक गोष्ट त्यांच्याशी बोलायची आहे. विज्ञानाकडे आपण बहुधा प्रतिमांच्या कोठारासारखे जातो. कृष्णविवर उचलतो, प्रकाशवर्ष उचलतो आणि आपल्या आधीच ठरलेल्या अर्थाला चिकटवून देतो. मी तेच केले होते. प्रतिमा वापरू नये असे मी म्हणणार नाही; ‘दीर्घिका’ म्हणताक्षणी आपण तळ्याकाठी उभे असतोच. पण या शास्त्रातून आपल्याला खरोखर घेण्यासारखी गोष्ट प्रतिमा नाही, शिस्त आहे. जे दिसत नाही त्याला ‘दिसत नाही’ म्हणायचे. मग ते आहे असे कशावरून म्हणतो, त्याचा पायरीपायरीने हिशोब द्यायचा. एखाद्या कवितेचे, कादंबरीचे ‘केंद्र’ आपण किती सहजपणे सांगून टाकतो. कशावरून, असे कोणी विचारत नाही. कोणीतरी विचारायला हवे.

हा लेख पूर्ण झाल्यावर अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी दोन उपमा काढायला लावल्या आणि एका ठिकाणी ‘प्रकाशापेक्षा वेगाने’ असे होते तेथे ‘हवेतल्या प्रकाशापेक्षा’ अशी दुरुस्ती करून घेतली. घाटावरचे त्यांचे शेवटचे बोलणे ठेवावे की गाळावे, हेही मी विचारले.

“बोललो होतो का तसं?”

“बोलला होता.”

“मग ठेव,” ते म्हणाले.